कुलूप कुणी लावायचं? सर्व्हर दूरच्या शहरात, झळ मात्र गावच्या खातेदाराला

३१ जुलै २०२४, बुधवार. खरिपाची पिकं रानात उभी, युरियासाठी दुकानापुढं रांगा, आणि नेमकं त्याच आठवड्यात देशातल्या अनेक लहान बँकांच्या खातेदारांचं यूपीआय चालेनासं झालं. एटीएममधून पैसे निघेनात. खात्यात पैसे होते, मोबाईलला रेंज होती, पिन बरोबर होता. तरी व्यवहार होत नव्हता. असं झालं की गावात पहिली शंका एकच येते, बँक बुडाली की काय?

बँक बुडालेली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय आणि रुपे चालवणाऱ्या संस्थेने, खुलासा केला. सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला असावा, म्हणून तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं आहे, असं तिने सांगितलं. वृत्तसंस्थांच्या माहितीनुसार जवळपास ३०० लहान बँकांना याचा फटका बसला. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली. हल्ला सी-एजच्या डेटा सेंटरपुरताच होता, बँकांच्या स्वतःच्या यंत्रणेला धक्का लागलेला नाही, असंही एनपीसीआयने स्पष्ट केलं.

प्रकरण दोन-चार दिवसांत मिटलं आणि लोक विसरूनही गेले. पण आता सप्टेंबरअखेरपर्यंत गावोगावच्या सोसायट्या, पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या वार्षिक सभा होणार आहेत. त्याआधी हे प्रकरण नीट उलगडून पाहिलं पाहिजे. कारण यात खातेदाराची काही चूक नव्हती आणि शाखेतल्या कारकुनाचीही नव्हती. चूक कुठल्या तरी सर्व्हरवर होती, आणि तो सर्व्हर कुठं आहे हेसुद्धा गावात कुणाला माहीत नव्हतं.

आत शिरले कुठून?

क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने या हल्ल्याचा अभ्यास करून अहवाल दिला. त्यांच्या म्हणण्यानुसार चोर थेट सी-एजच्या दारातून आले नाहीत. सी-एजसोबत काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा जेन्किन्स नावाचा सर्व्हर नीट बंदोबस्त न करता इंटरनेटवर उघडा होता, तिथून ते शिरले. जेन्किन्स म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं काम आपोआप पुढं सरकवणारं सॉफ्टवेअर. त्यात एक भोक सापडलं होतं. बाहेरचा माणूस पासवर्ड नसतानाही त्या भोकातून सर्व्हरवरच्या फायली वाचू शकत होता. एकदा फायली वाचता आल्या की त्यातच पुढच्या दारांच्या किल्ल्या सापडतात.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की हे भोक बुजवणारं अपडेट २४ जानेवारी २०२४ लाच जाहीर झालं होतं आणि ते फुकट होतं. हल्ला उघड झाला जुलैअखेर. म्हणजे मधे सहा महिने गेले. विहिरीच्या मोटारीची वायर उघडी पडलीय हे कळूनही सहा महिने टेप गुंडाळायचा नाही, तसलाच हा प्रकार.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या कंपनीचंही असंच झालं होतं. कर्जदारांची माहिती साठवणं हाच तिचा धंदा. तिच्या वेबसाइटमागच्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या भोकाचं अपडेट मार्च २०१७ मध्ये आलं, कंपनीने ते सगळीकडे लावलं नाही, आणि मे महिन्यापासून चोर आत. जुलैअखेर कळलं तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्रायची गतही तीच. मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी इलाज दिला होता, ज्यांनी लावला नाही ते सापडले.

म्हणून सर्व्हर सांभाळायचा पहिला नियम साधा आहे. अपडेट आलं की लावायचं, आणि लावलं की नाही हे दुसऱ्याने तपासायचं.

सर्व्हरवर हल्ला होतो म्हणजे नेमकं काय होतं

सर्व्हर म्हणजे काही जादू नाही. चोवीस तास चालू असलेला, दुसऱ्यांच्या मागणीला उत्तर देणारा संगणक. इंटरनेटवर असल्यामुळे तो जसा खातेदाराला दिसतो तसाच चोरालाही दिसतो. ‘आमच्या लहानशा संस्थेकडे कोण बघतंय’ हा समज इथेच खोटा ठरतो. बहुतेक हल्ले नाव बघून होत नाहीत. आपोआप चालणारे प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक ठोठावत असतात. जे दार उघडं लागेल तिथं शिरतात, मग ती बँक असो, शाळा असो की ग्रामपंचायतीची वेबसाइट.

दुसरा हल्ला पासवर्डचा. सर्व्हरवर दुरून काम करण्यासाठी एक दार ठेवलेलं असतं. त्या दारावर हे प्रोग्राम हजारो पासवर्ड लावून बघतात. संस्थेचं नाव आणि पुढं १२३, किंवा चेअरमनचा मोबाईल नंबर, असले पासवर्ड टिकत नाहीत. यावर इलाज आहे. पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली वापरायची. हे दार फक्त ठरलेल्या ठिकाणाहूनच उघडेल असं फायरवॉलमध्ये बांधून टाकायचं. चार-पाच वेळा चुकीचा प्रयत्न झाला की तो पत्ता आपोआप बंद होईल अशी सोय करायची. आणि जिथं पासवर्ड लागतोच तिथं मोबाईलवरचा दुसरा कोडही सक्तीचा करायचा.

तिसरा हल्ला वेबसाइटच्या चौकटीतून होतो. समजा, एखाद्या वेबसाइटवर ‘गट नंबर लिहा’ अशी चौकट आहे. शेतकरी तिथं नंबर लिहितो. चोर तिथं नंबराच्या जागी डेटाबेसला दिलेली आज्ञा लिहितो. वेबसाइट कच्ची बनवली असेल तर ती आज्ञा पाळली जाते आणि सगळ्यांची माहिती त्याच्यापुढं ओतली जाते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. रोग जुना आहे आणि औषधही जुनंच. चौकटीत आलेला मजकूर हा मजकूर म्हणूनच घ्यायचा, आज्ञा म्हणून कधीच नाही, अशा पद्धतीने प्रोग्राम लिहायचा. तरीही २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या टॉकटॉक या टेलिफोन कंपनीचे दीड लाखांहून जास्त ग्राहक याच हल्ल्यात उघडे पडले, आणि कंपनीला चार लाख पौंडांचा दंड झाला.

चौथा हल्ला फाइल चढवण्याच्या सोयीतून. अर्जासोबत फोटो जोडायला जागा दिलेली असते, चोर तिथं फोटोच्या नावाखाली प्रोग्राम चढवतो आणि मग सर्व्हर त्याच्या इशाऱ्यावर चालतो. सरकारी किंवा शाळेच्या वेबसाइटवर अचानक रमीच्या आणि सट्ट्याच्या जाहिराती दिसायला लागतात, त्यामागे बऱ्याचदा असलंच काहीतरी असतं. नाहीतर वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं एखादं जुनं प्लगइन.

पाचवा हल्ला गर्दीचा. बाजार समितीच्या गेटवर कुणी मुद्दाम पाचशे रिकामे ट्रॅक्टर आणून लावले तर माल घेऊन आलेला शेतकरी आत जाऊच शकणार नाही. तसं हजारो संगणकांवरून खोट्या मागण्या पाठवून सर्व्हर तुंबवतात. यात चोरी होत नाही, पण काम बंद पडतं. त्याला सर्व्हरच्या पुढं गर्दी गाळणारी सेवा लागते. लहान संस्थेने ती स्वतः उभारायची गरज नाही, होस्टिंग देणाऱ्याकडे ती आहे का एवढं विचारायचं.

फडाला आग लागली तर पट्टा तोडतात

उसाच्या फडाला आग लागली की शेतकरी आधी पुढचा पट्टा तोडतो. लागलेलं जळू दे, बाकीचं वाचू दे. सर्व्हरच्या बाबतीतही हेच शहाणपण लागतं.

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर हल्ला झाला. पाच सर्व्हर सापडले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. देशातलं सगळ्यांत नावाजलेलं सरकारी रुग्णालय, तिथं केसपेपर पुन्हा हाताने लिहायची वेळ आली आणि ते बरेच दिवस चाललं. सरकारने संसदेत कारण सांगितलं ते असं, की नेटवर्कचे भाग नीट वेगळे पाडलेले नव्हते. म्हणजे मधे पट्टाच नव्हता. एका कोपऱ्यात आग लागली आणि ती पसरत गेली. मात्र ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता.

बॅकअपची किंमत सांगणारी याहून मोठी गोष्ट २०१७ ची आहे, आणि तिचा धागा महाराष्ट्राशीही जुळतो. त्या वर्षी २७ जूनला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी ठप्प झाली. आपला कांदा-द्राक्ष जिथून परदेशी जातो त्या न्हावाशेवा बंदरात याच समूहाचं एक टर्मिनल आहे, त्याचंही काम विस्कळीत झालं. कंपनीला ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. पण कोणत्या कर्मचाऱ्याला कुठं प्रवेश आहे याची मुख्य नोंद ज्या सर्व्हरांवर होती ते जगभरचे सगळे पुसले गेले होते. एकच वाचला, आफ्रिकेत घाना देशात. कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! तो सर्व्हर बंद होता म्हणून वाचला. ती नोंद विमानाने इंग्लंडला नेली तेव्हा कुठं पुढचं काम सुरू झालं.

लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्यांना ही गोष्ट ऐकून हसू येईल. पण यातला धडा गमतीचा नाही. एवढ्या मोठ्या कंपनीच्या सगळ्या प्रती एकमेकींना जोडलेल्या होत्या, म्हणून एकाच वेळी गेल्या. बॅकअप म्हणजे त्याच कपाटात ठेवलेली दुसरी वही नव्हे. या कामातली माणसं तीन-दोन-एकचा नियम सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, नेटवर्कपासून तोडलेली. शिवाय वर्षातून एक-दोनदा ती प्रत खरंच उघडते का हे करून बघायचं. बियाणं पेरायच्या आधी उगवणक्षमता बघतात, तशी ही बॅकअपची तपासणी.

पुण्यातला धडा

‘असलं काही आपल्याकडे होत नाही’ म्हणायची सोय २०१८ मध्येच संपली. त्या वर्षी ११ ऑगस्टला, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत चोरांनी मालवेअर घुसवलं. आपलीच बनावट यंत्रणा मधे बसवली. मग २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. ‘पैसे देऊ का’ हा प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचतच नव्हता, मधली बनावट यंत्रणाच ‘दे’ म्हणत होती. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. पण ही प्रत्यक्ष पैसे काढण्याच्या कामातली माणसं होती, कट शिजवणारे परदेशातले सूत्रधार हाती लागले नाहीत.

या घटनेनंतर दोनच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेने आणखी कडक नियम काढला. असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, आणि यंत्रणेच्या नोंदी, ज्यांना लॉग म्हणतात, त्या १८० दिवस जपायच्या. लॉग म्हणजे गेटवरच्या वॉचमनची वही. कोण आलं, कधी आलं, कुठल्या दारातून आलं. ही वही कुणी वाचतच नसेल तर चोर महिनोन्महिने घरात राहतो आणि मालकाला पत्ता नसतो.

आता पाळी विकास सोसायटीची

इथं खरा प्रश्न सुरू होतो. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. नाबार्डच्या देखरेखीखाली एकसारखं सॉफ्टवेअर येतंय, सोसायटी जिल्हा बँकेशी आणि राज्य बँकेशी जोडली जातेय. म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचं पीककर्ज, शेअर्स, व्याज, वसुली हे सगळं आता सचिवाच्या कपाटातून निघून सर्व्हरवर चाललंय.

हे चांगलंच आहे, यात वाद नाही. कागदी वह्यांच्या काळात काय काय खाडाखोड चालायची हे गावाला सांगायला नको. सर्व्हरवरची नोंद गुपचूप बदलणं अवघड असतं, कर्जमाफीच्या याद्या लवकर निघतात, सभासदाला आपलं खातं बघता येतं. पण वहीला आग लागली तर एका गावची जायची. एकसारख्या सॉफ्टवेअरला भोक पडलं तर हजारो गावांची काळजी एकाच वेळी करावी लागते. सी-एजच्या प्रकरणाने तेच दाखवलं.

आणखी एक गोष्ट फार थोड्या सभासदांना माहीत असते. सहकारी बँकेच्या खातेदाराला रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाचं संरक्षण आहे. खातेदाराची आणि बँकेची चूक नसताना, यंत्रणेतल्या तिसऱ्याच कुठल्या तरी दोषामुळे पैसे गेले, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली, तर नुकसान खातेदाराच्या माथी मारता येत नाही. चार ते सात दिवसांत तक्रार केली तर जबाबदारी मर्यादित राहते. पण विकास सोसायटी ही कायद्याने बँक नाही. हे परिपत्रक तिला लागू नाही आणि ठेव विम्याचं पाच लाखांचं कवचही नाही. म्हणजे ज्या संस्थेत सर्वांत लहान शेतकरी आहे, तिथं संरक्षण सर्वांत पातळ. हा फरक सरकारने भरून काढायला हवा. तोवर सभासदानेच जागं राहायचं.

सभेत काय विचारायचं

सर्व्हर सोसायटीच्या हातात नाही, मग विचारून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं आहे. सर्व्हर सांभाळणं वरच्यांचं काम, पण त्याच्या एका दाराची किल्ली गावातल्या संगणकावर असते. सचिवाचा लॉगिन ऑपरेटर वापरतो, ऑपरेटरचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, त्याच संगणकात कुणाचा तरी पेनड्राइव्ह घालून लग्नपत्रिका छापली जाते, हे चित्र बदलायला कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागत नाही. काम सोडून गेलेल्या माणसाचा लॉगिन त्याच दिवशी बंद करायलाही पैसे लागत नाहीत.

पतसंस्था आणि लहान बँकांच्या सभेत तर सरळ विचारावं. सॉफ्टवेअर कुणाकडून घेतलं, करार किती वर्षांचा? अपडेट किती दिवसांत लावायचं हे करारात लिहिलंय का? पुरवठादाराने काम पुढं दुसऱ्याला दिलं असेल तर त्या दुसऱ्याची तपासणी कोण करतं? बॅकअपची तोडलेली प्रत कुठं आहे आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली? सुरक्षेचं ऑडिट बाहेरच्या, सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून केलं का? आणि उद्या यंत्रणा दोन दिवस बंद पडली तर खातेदाराला रोख देण्याची काय व्यवस्था आहे?

संचालक म्हणतील, खर्च परवडत नाही. काही संस्थांची अडचण खरीही आहे. पण वर सांगितलेल्यातल्या निम्म्या गोष्टींना खर्च नाही, शिस्त लागते. आणि जिथं खर्च आहे तिथं इमारतीच्या रंगरंगोटीच्या आधी तो धरला पाहिजे. अहवालात ‘संगणक देखभाल’ म्हणून एक आकडा असतो. त्या आकड्यात सुरक्षेचा वाटा किती, हे विचारायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे.

खातेदाराने स्वतःपुरतं एवढं करावं. एकाच बँकेवर सगळी भिस्त ठेवू नये, हंगामात घरात थोडी रोख असू द्यावी, पासबुक भरून घेत जावं. पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा आणि त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. त्या तीन दिवसांचा हिशेब पुढं याच पोचेवर लागतो.

सभेची नोटीस येईल, अहवाल हातात पडेल. चहा-नाश्ता होऊन ‘सर्व विषय मंजूर, मंजूर’ म्हणायच्या आधी एका तरी सभासदाने उभं राहून बॅकअपचा प्रश्न विचारावा. उत्तर आलं नाही, तर तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावा.